ओल्यावर पाय नको

१

विनोद पाष्टे देवळात गेला तरी घंटेच्या आधी खांब वाजवायचा. बोटाच्या पेराने टकटक करून, मान तिरकी करून ऐकायचा आणि मग देवाला हात जोडायचा. आशीर्वाद नंतर, आधी छप्पर डोक्यावर येणार नाही याची खात्री. उभी नोकरी पोफळीला, कोयना प्रकल्पाच्या सिव्हिल खात्यात, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत पाणी कुठून झिरपतंय ते हुडकण्यात गेली. अलोऱ्याला प्रकल्पाच्या कॉलनीत लोक शपथेवर सांगायचे, पाष्टे भिंतीला कान लावून आत मुंग्या किती ते सांगतो. मुंग्यांचं आपण सोडून देऊ, मोजायला कोण जातंय. पण ओल, पोकळी आणि वाळवी त्याच्यापासून कधी लपली नाही, एवढं खरं.

रिटायर झाल्यावर त्याने ह्याचाच धंदा केला. मस्कत, दुबई, लंडन, कुठे कुठे गेलेल्या कोकणातल्या माणसांना मध्येच गावाकडे जुनं घर घ्यायची हुक्की येते. फोटोत कौलं लाल, मागे पोफळी हिरव्या, माणूस तिकडे बसल्या जागी विरघळतो. मग विनोद हातोडी, ओळंबा आणि बॅटरी घेऊन त्या घरात शिरायचा, मोबाईलवर गिऱ्हाइकाला कोपरा न् कोपरा दाखवायचा आणि शेवटी बहुतेक वेळा म्हणायचा, "नका घेऊ." दलाल त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे नापासमास्तर.

ह्या खेपेचं गिऱ्हाईक त्याची स्वतःची मुलगी होती.

मनस्वी आयर्लंडला नर्स. नवरा सर्वेश कॉम्प्युटरवर काम करणारा, त्याला कुठेही बसवा. नातू समर्थ आजोबांशी फोनवर बोलताना आधी मनात भाषांतर करायचा, ते विनोदला ऐकू यायचं. तिकडे त्यांनी एक घर बघून ठेवलं होतं, बँकेचा माणूस सहीसाठी थांबला होता. आणि अशात मनस्वीला नेटवर संगमेश्वराच्या आतल्या अंगाचं हे जुनं घर दिसलं.

"बाबा, हे घर धड असेल तर आम्ही परत येतो," ती म्हणाली होती. "नसेल तर इथलं घेते आणि इथलीच होते. मध्ये लोंबकळायचं आता बास. मला शुक्रवारी इकडच्या माणसाला काय ते सांगायचंय."

आज तो शुक्रवार. विनोद पिशवी भरत होता आणि बायको नम्रता दाराला टेकून बघत होती.

"आज जीभ जरा आवरा. घर बघायला चाललाय, बोगदा नाही."

"घर जसं असेल तसं सांगणार."

"सांगा हो. पण आधी पोरीचं तोंड आठवा नि मग हातोडी उचला."

हातोडी विनोदने पिशवीत तळाला घातली, कधी नव्हे ती. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला एखादं घर पास व्हायला हवं होतं.

२

हर्षद दलाल फाट्यावर बाईक लावून थांबला होता. पोट सुटलेलं, गॉगल डोक्यावर.

"काका, आज तरी हो म्हणा. तुमच्या नापासांनी माझं लगीन थांबलंय."

"घर पास झालं तर पहिली पत्रिका मला."

"पत्रिका काय, वरातीत घोड्यावर तुम्हाला बसवतो. मी चालत येतो मागनं."

घर वाडीच्या वरच्या अंगाला, एकटं. मे महिन्याचं ऊन, लाल मातीचं अंगण तापून भगभगत होतं आणि पायाखाली पिठासारखी धूळ उडत होती. विनोदने फोन लावला. मनस्वी पडद्यावर आली, हातात चहाचा कप, मागे तिकडची करडी सकाळ.

"दाखवा बाबा. आणि कानाने नाही, डोळ्याने बघा जरा."

त्याने कोपऱ्याला ओळंबा सोडला. दोरी भिंतीला धरून अशी सरळ उतरली की त्याला स्वतःलाच राग आला. चिऱ्याची भिंत, कुठे फुगवटा नाही, भेग नाही. हातोडीने ठोकून पाहिलं आणि "भिंती भरीव आहेत" असं तिला सांगितलंही. कैक वर्षं बंद असलेलं घर आणि खोड काढायला जागा नाही. समर्थ ह्या अंगणात अनवाणी धावतोय असं त्याला उगाच दिसून गेलं.

"किल्ली कोणाकडे असते?" त्याने विचारलं.

"एकच किल्ली, आणि ती माझ्या कमरेला. मालक बोरिवलीला. त्यांना मी पण फोनवरच बघितलंय."

"मागचं दार?"

"बाहेरनं फळ्या ठोकल्यात. रानडुकरं घुसायची. हे एकच दार चालू."

हर्षदने कुलूप काढलं आणि दोघांनी पडवीत चपला काढल्या. पडवीत धूळ, ओटीवरच्या शहाबादी फरशीवर धूळ, आणि त्या धुळीत बुटांचे ठसे आत जाऊन परत आलेले.

"माझेच ते," हर्षद म्हणाला. "फोटो काढायला आलो होतो. ओटीवरनंच काढले. आत काळोख हाय."

बंद घराला असतो तो वटवाघळाचा, कोंदट वास विनोदच्या ओळखीचा होता. तो इथे नव्हता. दुसराच एक वास येत होता, तोही ओळखीचा, पण कुठला ते लगेच आठवेना.

३

माजघराच्या उंबऱ्यात तो थांबला.

जमीन सारवलेली होती.

शेणाने सारवलेल्या जमिनीचं एक असतं. आठ-पंधरा दिवसांनी हात फिरवावा लागतो. नाहीतर ती उलते, मग पापुद्रे सुटतात, मग भुगा होतो. बंद घरातली जमीन विनोदने शंभरदा पाहिली होती, तिच्यावर चालताना बिस्किटावरून चालल्यासारखं वाटतं. ही जमीन गुळगुळीत होती. हाताचे अर्धगोल फेर एकाला एक लागून, बोटांचे वळसुद्धा सुबक. वरच्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक चौकोन तिच्यावर पडला होता आणि त्यात धुळीचा कण नव्हता. त्याने वाकून बोट घासलं. सुकलेली, घट्ट. आणि वास कुठला ते आठवलं.

"हर्षद, इथे सारवतं कोण?"

"कोण सारवणार? खालच्या वाडीत पण आता सगळ्यांकडे लाद्या. गुरंच राहिली नाय काका, श्याण आणणार कुठनं?"

"मग हे काय?"

हर्षदने उंबऱ्याबाहेरूनच मान आत घातली आणि बघितलं. "येत असेल मालकाच्या भावकीतलं कोणतरी."

"कुठून? किल्ली तुझ्या कमरेला."

"मंग कौलं काढून." तो हसला. विनोदही हसला. शेणाचं घमेलं घेऊन कौलांतून उतरणारी बाई दोघांच्याही डोळ्यांपुढे आली असावी.

मनस्वीने फोनमधून पाहिलं. "अय्या, शेणाची जमीन. बाबा, समर्थला दाखवायला पाहिजे. किती निगुतीने ठेवलंय हो कोणी."

"हो," विनोद म्हणाला. तो शब्द त्याला आवडला. निगुतीने. निगुतीने ठेवलेलं घर, ह्यात वावगं काय आहे?

माळा बघायचा राहिला होता आणि घरात शिडी नव्हती. "वाडीतनं आणतो," हर्षद म्हणाला आणि इतक्या तातडीने निघाला की पडवीत चपलेत पाय घालताना त्याचा तोल गेला. थोड्या वेळाने बाईकचा आवाज उतारावरून खाली गेला.

४

विनोद माजघरातून फिरत भिंती वाजवत होता आणि नजर पुन्हा पुन्हा खाली जात होती.

त्याची आई सारवायची तेव्हा तो दारात उभा राहून बघायचा. आतल्या भिंतीपासून सुरुवात, उकिडवं बसून, हाताने फेर ओढत मागे मागे सरकायचं. शेवटचा फेर दाराशी, मग उठायचं आणि बाहेर. कोणत्याही घरात, कोणतीही बाई, दुसरी रीतच नाही. कारण उलट केलं तर आपणच कोपऱ्यात अडकतो, चहूकडे ओलं. आणि ओल्यावर पाय ठेवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. विनोदने एकदा ठेवला होता. आईने त्याला जेवायला घातलं, पण दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

इथे फेर दाराशी सुरू झाले होते.

त्याने बॅटरी लावून बघितलं. एकावर एक चढलेल्या फेरांवरून कुठला आधीचा, कुठला नंतरचा ते कळतं. ओटीच्या दारापासून ते आत आत सरकत गेले होते, स्वयंपाकघराचं दार बाजूला टाकून, कोठीच्या खोलीचं दार बाजूला टाकून, थेट आतल्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात ना दार, ना खिडकी. आणि तिथे फेर संपले होते. टोकाला एवढीशी जागा राहिली होती, जुनी, उललेली, पापुद्रे सुटलेली. दोन पावलं टाचा जुळवून मावतील इतकी.

कोणीतरी दारापासून मागे मागे सरकत इथवर आलं होतं आणि ह्या जागेवर बसून राहिलं होतं. सुकल्यावर उठलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. मे महिन्यात किती वेळ लागतो. बसून वाट बघितली, सुकल्यावर गेलं. जाताना मग ही जागा का नाही पुरी केली? शेण संपलं असेल.

"बाबा, काय बघताय खाली?"

"उतार बघतोय. उतार बरोबर आहे."

"मग सांगून टाका ना. पास?"

तोंडात हो आलं होतं. पण सवय म्हणून तो म्हणाला, "स्वयंपाकघर राहिलंय, थांब जरा."

स्वयंपाकघरात त्याने मागच्या दाराला खांदा लावून पाहिला. बाहेरून ठोकलेल्या फळ्या जराही हलल्या नाहीत. चुलीचा ओटा वाजवला, वासे बघितले, एका वाशात हातोडीचं टोक रुतवून पाहिलं, लाकूड दगडासारखं. तो हातोडी खाली करत होता तेव्हा आवाज आला. सर्र. मग थांबून, सर्र. पाठीवरून आईचा खरखरीत हात फिरावा तसा, सावकाश आणि एका लयीत. कौलांवर पातेरा, वाळला पाला, सरकतोय, त्याने ठरवलं. वारा मात्र सकाळपासून नव्हता.

५

माजघराच्या दाराशी येऊन त्याने आधी तो कोपरा बघितला, का ते त्याला सांगता आलं नसतं.

ती उललेली जागा आता नव्हती. तिथे ओलाकंच, काळसर गोल होता. बसलेला माणूस उठल्यावर आपण बसलो होतो तेवढी जागा पुरी करतो, तशी ती पुरी केलेली होती.

मग त्याने ओटीच्या दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापासून आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमीन ओली होती. नवे फेर उन्हाच्या चौकोनाच्या कडेला चमकत होते. त्या ओल्याच्या अलीकडच्या कडेला, मधोमध, कोरडी जागा होती. दोन पावलांची, आणि टाचा त्याच्याकडे.

"कोण आहे?" त्याने हाक मारली.

वाडीतली कोणी बाई आली असेल, हर्षदने पाठवली असेल. पण काम करणारी बाई हाक मारल्यावर ओ देते, नाहीतर पदर सावरत बाजूला होते.

"कोण आलंय बाबा?" मनस्वी म्हणाली. "मला दाखवा ना."

त्याने फोन वळवला. आपल्याला दिसतंय ते तिलाही दिसतं की नाही हे त्याला बघायचं होतं.

"अरे वा, आत्ता सारवलं का कोणी? ओलं दिसतंय. बाबा, पाय नका हां ठेवू त्याच्यावर. आज्जी काय करायची आठवतंय ना."

"आठवतंय," तो म्हणाला.

बाहेर जायची वाट ती एकच. दोन ढांगांत ओलांडता आली असती, आणि पाय धुवायला अंगणात नळ होता. पण दुसऱ्याच्या हाताखालच्या ओल्या जमिनीवर पाय द्यायचा ह्या विचारानेच त्याची बोटं आत वळली. सुकेल आत्ता, म्हणत तो उभा राहिला. तोवर कोठीची खोली बघून होईल. कामाचा माणूस वेळ फुकट घालवत नाही. स्वतःशी हे बोलताना आपला आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला हे त्याला जाणवलं.

कोठीच्या दाराशी जाताना त्याने एकदा वळून पाहिलं. ओलं उन्हाच्या चौकोनापर्यंत आलं होतं. कोरडी जागाही तेवढीच पुढे आली होती. टाचा त्याच्याकडेच.

६

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. आत शिरताच फोनमधली मनस्वी तोंड उघडं ठेवून थिजली, मग पडदा काळा झाला. नेटवर्क गेलं.

त्याने बॅटरी भिंतींवरून फिरवली. कोरड्या, सरळ, भरीव. एवढं निर्दोष घर त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि आत्ता त्याला एखादी भेग मिळाली असती तर तो तिच्या पाया पडला असता.

सर्र.

तो दाराकडे वळला. माजघर आता दूरच्या भिंतीपर्यंत ओलं होतं. स्वयंपाकघराच्या दारापुढे ओलं, कोपऱ्यापुढे ओलं. कोरडी राहिली होती फक्त त्याच्या उंबऱ्यापुढची पट्टी, आणि तिच्या पलीकडच्या कडेला ती दोन पावलं.

तेव्हा त्याला ते सगळं एकदम उमगलं. ती जी कोण होती ती त्याच्याकडे येत नव्हती. तिची पाठ होती त्याच्याकडे. ती आपलं काम करत होती, दारापासून आत, मागे मागे, आणि प्रत्येक वेळी तो भल्या घरच्या पोरासारखा ओल्यावरून बाजूला झाला होता. आता बाजू उरली नव्हती. ती सरकत उंबऱ्यातून आत येणार, खोली सारवत सारवत त्याच्यापर्यंत पोचणार. मग कोपऱ्यात दोघं, चहूकडे ओलं.

हे मूर्खपणाचं आहे, त्याने स्वतःला बजावलं. जमिनीतली ओल असेल. उन्हाळ्यात खालचं पाणी वर चढत नाही, हे त्याला ठाऊक होतं. झरा असेल, बोगद्यात असे झरे फुटायचे. झऱ्याला बोटांचे वळ नसतात. उन्हाने डोळे दिपले असतील. त्याने डोळे मिटून उघडले. एक फेर वाढला होता. पुन्हा मिटले. आणखी एक. डोळे उघडे असताना काही होत नव्हतं, मग त्याने डोळे ताणून उघडे ठेवले, पाणी येईपर्यंत, आणि शेवटी पापणी लवलीच.

उन्हाचा चौकोन तिरपा होत कोठीच्या दारापुढे आला होता. त्यात सावली होती. वाकलेली पाठ, आणि कोपर, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे. चौकोनात तिच्याशिवाय काही नव्हतं. मग कोपर थांबलं. डोकं थोडं वर झालं, घरात कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे पाठीलाच कळावं, तसं.

विनोद धावला.

पहिला पाय ओल्यात पडला तेव्हा गार चिखल बोटांच्या मधून वर आला आणि त्याच्या तोंडून "चुकलं" निघालं, बायकोच्या, आईच्या, कोणाच्या तरी समोर निघावं तसं. कोरड्या जागेला वळसा घालायला तो भिंतीकडे कलला, पण पाय घसरला आणि टाच तिच्या कडेवर पडली. तिथे जमीन नव्हती. कापड होतं. जुनं, मऊ, खूप धुतलेलं. आणि कोणाच्या लुगड्यावर चुकून पाय पडला की ती ओढून घेते तसा एक हिसका त्याच्या टाचेखाली बसला.

तो कसा बाहेर आला ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. ओटीवर त्याचं डोकं खांबावर आपटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खांबाचा आवाज ऐकायला थांबला नाही.

७

अंगणात ऊन तसंच होतं. फोन हातात थरथरत होता, म्हणजे वाजत होता.

"बाबा, कुठे गायब झालात? बँकेचा माणूस दुसऱ्या फोनवर आहे. सर्वेश त्याला बोलण्यात गुंतवतोय. सांगा पटकन. घेऊ का?"

विनोद घराकडे तोंड करून उभा होता. दार उघडंच राहिलं होतं आणि त्यातून ओटी, ओटीतून माजघराचं दार आणि आतल्या उजेडाची पट्टी दिसत होती. माजघरातून येताना ओल्यात उमटलेली त्याची पावलं त्याला तिथे दिसायला हवी होती. ती नव्हती. सगळं नव्याने सारवलेलं होतं, आता नीट रीतीने, आतून बाहेर. माजघराच्या उंबऱ्याच्या आत, अगदी कडेला, ती कोरडी दोन पावलं होती. टाचा त्याच्याकडे. काम पुरं झालं होतं.

"बाबा?"

"ऐकतोय गो."

"मनातलं सांगू? मला वाटतंय तुम्ही हो म्हणणार. सकाळपासून तुमचा आवाज तसा होता. आईला विचारलं, ती म्हणाली हातोडी तळाला घालून गेलेत." ती हसली. "समर्थने चित्र काढलंय घराचं. तुम्हाला काढलंय दारात."

हो म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. घर भक्कम होतं. त्याच्या कानाने, ओळंब्याने, हातोडीने सगळ्यांनी तसा निवाडा दिला होता. आणि ते ऐकायला आत कोणीतरी थांबलं होतं. त्या क्षणी त्याला ते स्पष्ट कळलं. आतला सर्र सर्र आवाज बंद होता. कोणी पाहुणं येणार म्हणून घर लख्ख करून बसावं आणि येणार की नाही ते फोनवर कळायची वाट बघावी, तशी ती शांतता होती. नम्रता दर दिवाळीला अशीच बसायची. तोही बसायचा.

"नको घेऊ," तो म्हणाला.

"काय?"

"वाळवी आहे. तुळईत. आतून पोकळ झालंय सगळं."

फोनमध्ये कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पण भिंती तर म्हणालात..."

"भिंती चांगल्या आहेत. तुळया गेल्यात. पोराला घेऊन राहायचं घर नाही ते."

"नक्की ना बाबा? म्हणजे मी इकडे सही केली की मग कायमचं इथलंच. नंतर असं नको व्हायला..."

तिचं तोंड बघायला त्याने पडद्याकडे नजर खाली केली. डोळे भरलेले होते आणि ती ते लपवायला बाजूला कुठेतरी बघत होती. पुन्हा वर पाहिलं तेव्हा उंबऱ्याआतली पावलं वळली होती. आता बोटं त्याच्याकडे होती.

"नक्की," तो म्हणाला. मग मोठ्याने पुन्हा म्हणाला, "नक्की. सही कर, बाय. तिकडचं घर चांगलं आहे."

"तुम्ही कुठे बघितलंय ते?"

"तू बघितलंस ना."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"धाप लागली. ऊन आहे."

"बरं." तिने नाक ओढलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. घराच्या बाबतीत तुम्ही कधी खोटं नाही बोललात. मी कळवते त्याला. सावलीत उभे राहा." आणि पडद्यावर तिच्या जागी नुसतं तिचं नाव राहिलं, मग तेही गेलं.

विनोदने फोन खिशात घातला. पाय सुकत होते, त्यांच्यावरचं शेण आवळत चाललं होतं. खाली उतारावर कुठेतरी बाईक चढाला लागल्याचा आवाज येत होता, खूप लांबून. हर्षद येईपर्यंत दार लावून घ्यावं म्हणून तो एक पाऊल पुढे झाला आणि तिथेच थांबला.

उंबऱ्याच्या आतली कोरडी जागा आता नव्हती. तिथे ओलाकंच गोल होता, उठताना पुरा केलेला.

आत जमीन ओली होती म्हणून ती कुठे बसली आहे ते त्याला निदान दिसत तरी होतं. त्याने सावकाश मान वळवून अंगणाकडे पाहिलं. अंगण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडं ठणठणीत होतं.